गिरणीतली मोड

आमच्याकडे सुट्ट्या पैशांना मोड म्हणतात. चिल्लर हा शब्द मी पहिल्यांदा शाळेत मास्तरांच्या तोंडून ऐकला, तोही पैशांबद्दल नव्हे, आम्हा पोरांबद्दल. बाजारात दहाची नोट पुढे केली की दुकानदार कपाळाला आठ्या घालून विचारायचा, "मोड न्हाई व्हय?" हे आधीच सांगून ठेवते, कारण या एवढ्याशा शब्दापायी माझा एकुलता एक भाऊ भाऊबीजेच्या दिवशी सांगली स्टेशनवर सुतकी चेहरा करून उभा होता. आणि तो चेहरा बघून मला मनातून गुदगुल्या होत होत्या.

रहिमतपुरात आमची पिठाची गिरण होती. मालक, म्हणजे आमचे हे, मिलिटरीत. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे, पट्टा ताणून बघायचे, "एकदम फिट" म्हणायचे आणि परत जायचे. गिरण चालवायची मी. पोरं सासूबाईंच्या अंगावर टाकून सकाळी पदर खोचला की दिवेलागणीपर्यंत दळण. आधी ती डिझेलवर चालायची आणि तिच्या पुक-पुक आवाजानं गल्लीला कळायचं की गिरण चालू झाली. मग वीज आली. मोटर बसवायची ठरलं आणि त्यासाठी बाराशे रुपये दिले माझ्या भावानं.

हा भाऊ मी वाढवलेला. आई-वडील गेले तेव्हा तो पाटी घेऊन शाळेत जायच्या वयाचा होता. माझं लग्न झालं तसा माझा पदर धरून तोही सासरी आला. आमच्या ओसरीवर अभ्यास करून शिकला, सांगलीला एका कापडाच्या दुकानात नोकरीला लागला, कापड फाडता फाडता धंदा शिकला आणि पेठेच्या तोंडाशी स्वतःचं दुकान टाकलं. माझं माहेर म्हणजे ते दुकान आणि मागच्या दोन खोल्या. दुसरं काही नव्हतं. ज्या बाईला भाऊ नसतो ती भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. मला आकाशाकडे बघायची वेळ कधी येणार नाही, हा माझा मोठा तोरा होता.

मोटर बसली आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. पायलीनं दळण आणणाऱ्या बायका चिपट्यानं आणायला लागल्या. रेशनची लाल मिलो ज्वारी दळायला यायची, तिचा कोंदट वास केसांतून जायचा नाही. माण तालुक्यातून मेंढरं घेऊन आलेली माणसं गावाबाहेर उतरली होती. त्यांच्या बायका ओंजळभर दाणे आणायच्या, त्यांच्याकडे दळणाचे पैसे मागायला जीभच रेटायची नाही. बाराशेतले निम्मे मालकांनी सुट्टीवर आल्यावर दिले, उरलेले तसेच राहिले. भावानं एका शब्दानं विचारलं नाही. त्याच्याबद्दल पुढे बरंच वाकडं बोलणार आहे, म्हणून हे सरळ आधी लिहून टाकते.

गिरणीचा गल्ला म्हणजे गोडेतेलाचा रिकामा डबा. त्यात नोट कधी दिसायची नाही. पाच पैशांची चौकोनी, दहा पैशांची लाटालाटांच्या कडांची, कधी तीन पैशांची सहा कोनांची, आणि सगळ्यांवर पीठ. गिरणीत पीठ कुठं नसतं? भुवयांवर, कोळ्याच्या जाळ्यावर, तसंच पैशांवर. आठवड्याच्या बाजारादिवशी वाणी, चहावाला असे सगळे माझ्याकडे यायचे, नोटा द्यायचे आणि मोड घेऊन जायचे. जाताना फुंकर मारायचे. वाण्याच्या दुकानात पांढरट पाच पैसे हातात आले की माणसं म्हणायची, हे गिरणीतलं.

पाऊसपाणी झालं, दिवस सुधारले, भावाला मुलगा झाला आणि बारशाचं बोलावणं आलं. बारशाला आत्याचा मान मोठा. बाळाच्या कानात नाव ती सांगते आणि बाया तिच्या पाठीत गुद्दे घालतात. मी नवं लुगडं नेसून गेले, नाव सांगितलं, गुद्दे खाल्ले. मग जेवणं व्हायच्या आधी भावाला बाजूला घेऊन फडक्यात बांधलेले पन्नास रुपये त्याच्या हातात ठेवले. नोटा करून घ्यायला सवड झाली नव्हती, म्हणून सगळी मोड. त्यानं गाठ सोडली आणि भस्सकन पीठ उडालं. नव्या सदऱ्यावर पांढरा पट्टा उमटला. भावजयीच्या माहेरची मिरजेकडची माणसं सतरंजीवर बसली होती, त्यांच्यादेखत तो मोठ्यानं म्हणाला,

"आक्का, देवळातली पेटी फोडून आलीस व्हय गं?"

सगळे हसले. पोटावर हात ठेवून हसले. भाऊही हसला, कारण त्याला वाटलं आपण चांगला विनोद केला. माझा राग तेव्हा नाकाच्या शेंड्यावर असायचा. आता तो खाली उतरून गुडघ्यांत गेलाय म्हणा. मी म्हणाले, "पेटी न्हाई फोडली. उन्हातान्हात दळण दळलंय. आन् आता उरलेलं समदं असंच देणार, पिठासकट. ते फिटल्याबिगर तुझ्या उंबऱ्याला पाय लावायची न्हाई."

"आक्का, चेष्टा केली गं."

"मी न्हाई केली," असं म्हणून मी चपला घातल्या. भावजय पानं वाढत होती. तिच्या हातातल्या पातेल्यात भात तसाच राहिला. भावाच्या घरून उपाशी उठून आले ती पहिलीच वेळ, आणि गाडीत ताकारीपर्यंत माझे डोळे कोरडे झाले नाहीत. तिथून पुढे राग आला. राग आल्यावर बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मोड देणं बंद. वाणी आला, चहावाला आला, पानवाला आला. मी म्हणायचे, "न्हाई बाबा, हल्ली लोक उधारच दळत्यात." आणि तेलाचा डबा भरला की तो खाटेखाली सारून दुसरा घ्यायचे. नोटेची हाव नव्हती असं नाही. पण साडेपाचशे रुपयांची पिठाळलेली मोड त्याच्या त्या स्वच्छ गादीवर ओतायची, हे चित्र मी रोज दळता दळता डोळ्यांपुढे आणायचे. बायका म्हणायच्या, "वैनी एकट्याच हसत्यात."

त्याच दिवसांत सगळीकडेच मोडीची टंचाई झाली. कुणी म्हणायचं मुंबईत नाणी वितळवून भांडी करतात. पिवळ्या वीस पैशांत सोनं आहे अशी हूल उठली आणि लोकांनी ते ट्रंकेत टाकले. वाणी उरलेल्या पैशांच्या बदली लिमलेटच्या गोळ्या द्यायला लागला, मग काडेपेटी, मग नुसतंच "पुढच्या खेपेला." देशातल्या टंचाईचं मला माहीत नाही, पण रहिमतपुरातल्या आमच्या आळीतल्या टंचाईचं कारण खाटेखाली होतं आणि मी त्या खाटेवर झोपत होते. एकदा कोरेगावच्या एसटीत मी पाचाची नोट काढली तर कंडक्टर तापला. "समद्या गावाकडं नोटाच हायत का? मोड काढा, न्हाईतर उतरा खाली." मी मान खाली घालून बसले. त्यानं उरलेले पैसे तिकिटाच्या पाठीवर लिहून दिले आणि उतरताना मी ते मागायला विसरले. माझ्या मोडीच्या टंचाईत मीच बुडाले.

मालक सुट्टीवर आले. खाटेखाली काठी घातली तर ठण्ण वाजलं. डबे ओढून बघितले आणि म्हणाले, "घरात दारूगोळा का साठवलाय?" मी सगळं सांगितलं. मिशीवर हात फिरवून म्हणाले, "भैनभावाच्या लढाईत आमची पलटण येत न्हाई." पण जाताना आपली जुनी किटबॅग मागे ठेवून गेले.

मधे एक दिवाळी गेली. भाऊबीजेला मी सांगलीला गेले नाही आणि भाऊही आला नाही. त्यानं यायला हवं होतं असं मला वाटत होतं, मी जायला हवं होतं असं त्याला वाटत असणार. संध्याकाळी मी अंगणात पाट मांडला, तबक घेतलं आणि चंद्राची कोर शोधायला लागले. सासूबाई दारातून म्हणाल्या, "गावात तोंड दाखवायची न्हाईस. भाऊ असून चंद्राला ओवाळतीस?" कोर छपरामागे होती, दिसलीच नाही. तबकातलं निरांजन तसंच तुळशीपाशी ठेवलं आणि आत येऊन चुलीपुढे बसून रडले. सांगलीला आता काय चाललं असेल, भावजयीनं त्याला काय वाढलं असेल, एवढंच मनात होतं. पण शब्द दिला होता. आमच्यात शब्द फिरवायचा म्हणजे तोंडाला काळं.

पुढच्या दिवाळीच्या आधी एका दुपारी लाईट गेली ती दोन दिवस आली नाही. गिरण बंद. मी दार लावून डबे मोकळे केले. सगळी नाणी मोजत बसले असते तर होळी उजाडली असती, म्हणून गिरणवालीला जे येतं ते केलं. मापटं घेतलं. एका मापट्यात पाच पैशांची किती बसतात ते एकदा मोजून ठेवलं, दहाची किती बसतात ते मोजलं, आणि मग धान्यासारखं सगळं मापून किटबॅगेत ओतलं.

आता माप द्यायच्या दोन रीती आहेत. काठाबरोबर हात फिरवून वरचा ढीग पाडायचा, ते बाजारचं माप. वरचा ढीग तसाच ठेवायचा, त्याला शीग म्हणतात. लेकीबाळींना, घरच्या माणसांना शीग लावून देतात. मी ठरवलं होतं, या शहाण्याला सपाट द्यायचं, एक नाणं वर नाही. दरवेळी हात फिरवत होते, निदान मला तसं वाटत होतं. पण याच मापट्यानं त्याला लहानपणी शेंगा मापून दिलेल्या. त्या हाताला रागाचं काय सांगणार?

शेजारचा एक जण सांगलीला हळदीच्या पेठेत हमाली करायचा. तो परत निघाला तेव्हा त्याच्याकडे निरोप दिला. "माझ्या भावाला म्हणावं, आक्का भाऊबीजेला येतीया. मोड घिऊन येतीया. एकदाचं काय हाय ते मिटवून टाकती." तो म्हणाला, "सांगतो की." चांगला माणूस होता, फक्त अर्धं ऐकायचा आणि उरलेलं स्वतःच्या पदरचं घालायचा.

भाऊबीजेला सकाळी टांगेवाल्यानं किटबॅग उचलली आणि कमरेत वाकला. "वैनी, जात्याचा दगूड माहेरी न्येताय व्हय?" गाडीत दोघांनी मिळून ती वर चढवली. बाकाखाली ढकलली तशी शिवणीतून पिठाची एक फुंकर निघाली आणि समोरच्या म्हाताऱ्याच्या काळ्या जाकिटावर बसली. त्यानं विचारलं, "आत काय हाय?" मी म्हणाले, "मोड." तो म्हणाला, "मटकीची का चवळीची?" मी म्हणाले, "पाच पैशाची." मग तो मसूर स्टेशन येईपर्यंत बोलला नाही.

सांगलीला उतरले तर फलाटावर भाऊ. मला न्यायला तो कधी स्टेशनवर यायचा नाही, दुकान सोडून कोण येणार? आज आला होता. दिवाळीचा दिवस, पण दाढी वाढलेली, सदरा कालचा. पाया पडला तेव्हा नेहमीसारखं "वाळलीस गं आक्का" असं काही बोलला नाही. किटबॅग उचलली आणि ती अर्धी वर येऊन परत खाली बसली. "काय हाय हेच्यात?"

"घरी गेल्यावर कळंल," मी म्हणाले. मला वाटलं याला सुगावा लागलाय. मी सुखावले. टांग्यात तो समोर बसला होता, घोड्याच्या कानांकडे बघत. मधेच म्हणाला, "आक्का, मोडायचंच असलं तर घरात जाऊन मोड. पेठेत नगं. लोक बगत्यात."

"पेठेतच ओतणार," मी म्हणाले. त्याला काय कळलं देव जाणे, पण त्यानं डोळे मिटून घेतले.

दारात भावजय भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिचेही डोळे लाल. मी उंबऱ्याच्या अलीकडेच थांबले. "चादर आण एक. शब्द म्हंजी शब्द. आधी फेडती, मग आत." तिनं चादर आणली आणि पायरीपाशी अंथरली. भावानं किटबॅगेची दोरी सोडली, मी बूड धरून ती उलटी केली.

असा आवाज त्या पेठेनं कधी ऐकला नसेल. आधी खळ्ळ, मग नुसतीच सर लागली, संपेचना. पिठाचा ढग उठला आणि भावजय तांब्यासकट त्यात दिसेनाशी झाली. शेजारच्या दुकानांतली माणसं धावत आली. ढग खाली बसला तेव्हा पायरीएवढा ढीग पडला होता आणि भाऊ त्याच्यासमोर मांडी घालून बसला होता, केस, मिशा, पापण्या सगळं पांढरं. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. म्हणाले, "घे. देवळातली पेटी."

तो ढिगाकडे बघत होता. मग त्यात दोन्ही हात कोपरापर्यंत घातले, ओंजळ वर केली आणि म्हणाला, "मोड?"

"मग काय!"

"आक्का, ही मोड? ही मोड आणलीस तू?" आणि तो हसायला लागला. बारशाला हसला होता तसं नव्हे. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि गालांवरच्या पिठात दोन रेघा पडल्या. "त्यो हमाल काय सांगून गेला म्हाईत हाय? म्हणला, आक्का येतीया, एकदाचं मोडून मिटवून टाकती म्हणत हुती. चार रोज झालं, घरात कुणी धड जेवलं न्हाई. मला वाटलं तू नातं मोडाया येतीयास."

मीही बसले, तिथंच, पायरीवर. नोट मोडतात आणि नातंही मोडतात, शब्द एकच, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दीड वर्ष जी शिक्षा देण्यासाठी मी डबे भरत होते ती त्याची आधीच भोगून झाली होती, तीही भलत्याच गुन्ह्यासाठी. वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू? माहेर तुटायची भीती एकटी मलाच नव्हती.

आणि सूड? तो तर पार पाण्यात गेला. दिवाळीच्या दिवसांत दुकानात गिऱ्हाईक यायचं, मोड नाही म्हणून परत जायचं. भाऊ शंभराची नोट देऊन हॉटेलवाल्याकडून पंच्याण्णवची मोड घेत होता, पाच रुपये बट्टा. आणि इथं दारात मोडीचा डोंगर. शेजारचे दुकानदार तर नोटा नाचवायला लागले. भाऊ त्यांच्यावर खेकसला, "हात लावू नगा, आक्कानं आणलीया!" माझ्याकडे वळून हिशेबी आवाजात म्हणाला, "आक्का, बट्टा धरला तर हे साडेपाचशेच्या वर जातंय. वरचं तुझं."

मग मात्र माझा पारा चढला. "भावाकडनं बट्टा घिऊ? नात्याला बट्टा लावतोस व्हय रं? ह्यापरास मोडलेलं बरं!"

"मोडू नगंस," तो घाईघाईनं म्हणाला. "ऱ्हायलं. बट्टा न्हाई. फिटलं समदं. आता आत ये की गं, भाकर वाळली." भावजयीनं तुकडा ओवाळून टाकला आणि मी उंबरा ओलांडला. दीड वर्षानं मागच्या खोलीतला तो निळीचा आणि नव्या कापडाचा वास आला. भाचा चालायला लागला होता. तो माझ्याकडे न येता चादरीवरच्या ढिगाकडे गेला आणि तिथंच लोळला.

ओवाळणं झालं, गोडधोड झालं, तीन दिवस राहिले. निघताना भावानं हिरवं इरकली लुगडं दिलं. गाडीत बसवून दिलं, खिडकीशी उभा राहिला. शिट्टी झाली, गाडी हलली, तसा गज धरून चालायला लागला आणि म्हणाला, "आक्का, एक सांगायचं ऱ्हायलं. मी मोजलं काल. पाच पैसं कमी भरलं."

"काय?"

"पाच पैसं. म्हंजी फिटलं न्हाई अजून. पुढच्या भाऊबीजेला घिऊन ये."

मी कनवटीला हात घातला, पण गाडीनं फलाट सोडला होता. नांद्रे गेलं, भिलवडी गेलं, माझी चिडचिड थांबेना. मापून दिलेलं कमी भरतंय म्हणजे काय? गिरणीवर मी आयुष्यात कुणाला कमी दिलं नव्हतं. घरी पोचल्या पोचल्या त्याच हमालाकडे पाच पैसे पाठवले. ते परत आले. निरोप असा की दुसऱ्याच्या हातून घेणार नाही.

पुढच्या वर्षी गेले आणि उंबऱ्यातच पाच पैसे त्याच्या हातावर आपटले. "फिटलं?" "फिटलं," तो म्हणाला. संध्याकाळी ओवाळलं तर त्यानं तबकात नोट टाकली आणि तिच्यावर तेच पाच पैसे. ओवाळणी परत करायची नसते. मी ते बटव्यात टाकले. स्टेशनवर गाडी हलताना खिडकीपाशी येऊन म्हणतो कसा, "पाच पैसं ऱ्हायलं बग." "अरे, दिलं की!" "दिलंस, पर परत न्हेलंस की." असला वकील. मी त्याला खिडकीतून शिव्या देत होते आणि डब्यातली माणसं माझ्याकडे बघत होती.

काही वर्षांनी भावजयीनं भांडी घासता घासता सांगून टाकलं. "आक्का, तवा त्यांनी खरंच मोजलं हुतं हो. दुकान बंद ठिवून. कमी कुठलं, चांगलं तीस-पस्तीस रुपयं वर भरलं. तुमी शीग लावून मापलं हुतं म्हणं. त्याचंच तर तुमाला हिरवं लुगडं आणलं." मी तिथंच कपाळाला हात लावला. ते लुगडं भावानं दिलं म्हणून मी अख्ख्या रहिमतपुरात मिरवलं होतं. भावजय म्हणाली, "ते म्हणले, आक्काला कळू दिऊ नगं. पाच पैसं कमी म्हणलं तरच ती येती. जास्त भरलं म्हणलं तर रुसंल."

हे कळल्यावरही मी दर भाऊबीजेला पाच पैसे घेऊन गेले. तावातावानं भांडले. त्यानं तबकात टाकले, मी परत आणले. चौकोनी, कडा झिजलेले, एकच नाणं. बाजारात पाच पैशांना कुणी विचारेनासं झालं, दहा पैसे गेले, भिकारीही घेईना. गिरण मुलानं विकली. आमचं येणं-जाणं त्या एका नाण्यावर चालूच राहिलं.

शेवटच्या भाऊबीजेला तो अंथरुणावर होता. दुकान भाच्याकडे होतं, तोच मला स्टेशनवरून घेऊन आला. भावाचा हात चादरीवर पडला होता, मनगटावर नुसती शीर. मी पाटाऐवजी उशीपाशीच तबक धरलं आणि ओवाळलं. त्यानं डोळे उघडले. हात उचलायला बघितला, उचलेना. ओठ हलले म्हणून मी कान जवळ नेला.

"पाच पैसं?"

नाणं माझ्या बटव्यात होतं. नेहमीसारखं त्याच्या हातावर ठेवायचं म्हणून गाडीतच वर काढून ठेवलेलं. बोटांना लागत होतं. पण तो ते घेऊन तबकात टाकू शकणार नव्हता, म्हणजे ते त्याच्याकडेच राहणार, म्हणजे फिटणार. मी बटव्याची दोरी आवळली.

"इसरले रं," मी म्हणाले. "पुढल्या वर्साला आणती."

तो हसला. "ध्यानात ठेव," म्हणाला आणि झोपला. संक्रांतीच्या आधीच गेला.

त्या पुढच्या भाऊबीजेला मी अंगणात चंद्राला ओवाळलं. कोर स्वच्छ दिसत होती. तबकात टाकायला कुणी नव्हतं आणि बटव्यातलं नाणं मीही टाकलं नाही. आयुष्यभर मी कुणाचा पैसा ठेवला नाही, वाण्याचा नाही, वीज कंपनीचा नाही, टांगेवाल्याचाही नाही. रहिमतपुरात मी कुणाचं काही देणं लागत नाही. सांगलीला पाच पैसे लागते.